तुंबलेला मार्ग आणि संगणकाची साक्ष : द्रवधातू अणुभट्टीतील शीतकप्रवाहाचा अभ्यास

(नारपोली, भिवंडी येथील स्मृति-व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

१. प्रश्नाचे स्वरूप

अणुभट्टीच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की साखळी प्रक्रिया आवरण्याचा प्रश्न सर्वांत आधी पुढे येतो. परंतु अणुभट्ट्यांच्या इतिहासातील अनेक गंभीर प्रसंगांचे मूळ त्याहून साध्या वाटणाऱ्या प्रश्नात सापडते. इंधनात निर्माण होणारी उष्णता वेळच्या वेळी वाहून नेली जाते की नाही, हा तो प्रश्न होय. ही उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाला शीतक म्हणतात. तारापूरसारख्या वीजकेंद्रांत शीतक म्हणून पाणी वापरले जाते, तर शीघ्र प्रजनक अणुभट्टीत, म्हणजे वेगवान न्यूट्रॉनांच्या साहाय्याने चालणाऱ्या आणि जळालेल्या इंधनापेक्षा अधिक नवे इंधन तयार करू शकणाऱ्या भट्टीत, वितळलेला धातू वापरावा लागतो, कारण पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करते आणि मग प्रजननाचा हेतूच साधत नाही. असा धातू म्हणून बहुतेक ठिकाणी सोडियमची निवड झाली आहे. ते ९८ अंश सेल्सिअसला वितळते आणि साध्या वातावरणीय दाबाखाली ८८३ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यामुळे जाड भिंतींचे उच्च दाबाचे पात्र लागत नाही, आणि धातू असल्याने ते उष्णता पाण्याच्या कितीतरी पट सहजतेने पसरवते.

या सोयीबरोबर एक अडचण येते. वेगवान न्यूट्रॉनांच्या भट्टीत इंधन अतिशय दाटीवाटीने रचावे लागते, इंधनाच्या दोन कांड्यांमधील फट दीड-दोन मिलिमीटरांपलीकडे जात नाही, आणि एवढ्या अरुंद वाटेने वाहणाऱ्या शीतकाच्या मार्गात एखादा कण, पत्र्याचा तुकडा किंवा साचलेला मळ येऊन बसला तर पुढे काय घडेल, हे बाहेरून पाहण्याचा कोणताही मार्ग नसतो. सोडियम अपारदर्शक आहे, भट्टी बंदिस्त आहे आणि किरणोत्सारामुळे माणूस जवळ जाऊ शकत नाही. म्हणूनच या तुंबण्याचा अभ्यास संगणकीय प्रतिमानांच्या, म्हणजे प्रवाहाचे आणि उष्णतेचे नियम समीकरणांत मांडून ती यंत्राकडून सोडवून घेण्याच्या, पद्धतीने करावा लागतो. संगणकाची ही साक्ष कोठवर ग्राह्य धरावी आणि ती ग्राह्य ठरण्यासाठी काय करावे लागते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

२. महाराष्ट्राचा वाटा

भारताचा शीघ्र प्रजनक कार्यक्रम तमिळनाडूतील कल्पक्कम येथे उभा राहिला असला तरी त्याची मुळे ठाणे खाडीच्या काठी आहेत. देशात युरेनियमचे साठे मर्यादित आणि थोरियमचे विपुल आहेत हे ध्यानात घेऊन होमी भाभा यांनी तीन टप्प्यांचा जो आराखडा मांडला, त्यातील दुसरा टप्पा या भट्ट्यांचा आहे. प्लुटोनियम इंधनावर चालणारी ‘पूर्णिमा’ ही देशातील पहिली वेगवान न्यूट्रॉनांची प्रायोगिक भट्टी १९७२ साली तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात कार्यान्वित झाली. पुढे कल्पक्कमच्या शीघ्र प्रजनक चाचणी भट्टीसाठी लागणारे प्लुटोनियम-युरेनियम कार्बाइडचे इंधनही तुर्भ्यातच तयार झाले. ही भट्टी १८ ऑक्टोबर १९८५ रोजी प्रथम क्रांतिक अवस्थेला पोहोचली, म्हणजे तिच्यातील साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली. त्यानंतरच्या ५०० मेगावॅट विद्युतक्षमतेच्या आदिरूप शीघ्र प्रजनक भट्टीच्या इंधनकांड्या तारापूर येथील कारखान्यात बनल्या. तारापूर आज पालघर जिल्ह्यात असले तरी १ ऑगस्ट २०१४ रोजी तो जिल्हा वेगळा होईपर्यंत भिवंडीप्रमाणेच ठाणे जिल्ह्याचा भाग होते.

या कार्यक्रमातील मराठी माणसांचा वाटाही ठळक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कसबा सांगाव येथील शेतकरी कुटुंबात जन्मलेले शिवराम बाबुराव भोजे १९६५ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन अणुऊर्जा खात्याच्या प्रशिक्षणशाळेत दाखल झाले, चाचणी भट्टीच्या आराखड्यासाठी फ्रान्समधील कादाराश येथे पाठवलेल्या भारतीय अभियंत्यांच्या गटात होते, आणि २००० ते २००४ या काळात कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते. २००३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आदिरूप भट्टीचे बांधकाम २००४ साली सुरू झाले तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद मुंबईच्या व्हीजेटीआयचे माजी विद्यार्थी डॉ. अनिल काकोडकर यांच्याकडे होते. मार्च २०२४ मध्ये या भट्टीच्या गाभ्यात कांड्यांचे संच भरण्याच्या कामाला प्रारंभ झाला. जी भट्टी उभी करण्यात इतक्या मराठी हातांचा सहभाग आहे, तिच्या सुरक्षिततेचे शास्त्र मराठीतून समजून घेणे हे या प्रदेशातील सुजाण नागरिकांचे कर्तव्य ठरते.

३. इतिहासाने दिलेले धडे

शीतकाचा मार्ग तुंबण्याची शक्यता केवळ कागदावरची नाही. कॅलिफोर्नियातील सांता सुझाना येथील सोडियम प्रायोगिक भट्टीत जुलै १९५९ मध्ये पंपाच्या सीलला थंड ठेवण्यासाठी वापरलेले टेट्रालिन नावाचे सेंद्रिय द्रव्य सोडियमात झिरपले, उष्णतेने त्याचे विघटन होऊन काजळीसारखा अवशेष तयार झाला, त्याने शीतकाच्या वाटा अडवल्या आणि ४३ पैकी १३ इंधनघटकांची हानी झाली. अमेरिकेतीलच मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळच्या एन्रिको फर्मी भट्टीत ५ ऑक्टोबर १९६६ रोजी, पूर्ण क्षमतेच्या सुमारे सहाव्या हिश्श्यावर भट्टी चालू असताना, गाभ्याच्या तळाशी बसवलेल्या झिर्कोनियमच्या पत्र्याचा सुटलेला तुकडा प्रवाहाबरोबर वर येऊन इंधनसंचांच्या प्रवेशद्वाराशी अडकला आणि दोन संचांतील इंधन अंशतः वितळले. हे पत्रे सुरक्षिततेसाठीच, आणि तेही उभारणीच्या उत्तरार्धात, बसवण्यात आले होते. वितळण्याचे कारण शोधून दुरुस्ती पूर्ण होण्यास जवळपास चार वर्षे लागली, १९७० मध्ये भट्टी पुन्हा चालू झाली आणि १९७२ मध्ये कायमची बंद झाली.

तिसरा प्रसंग सोव्हिएत संघाच्या के-२७ या पाणबुडीचा आहे. तिच्या भट्टीत शिसे आणि बिस्मथ यांचा मिश्रधातू शीतक म्हणून वापरला होता. मे १९६८ मध्ये ऑक्साइडांच्या साक्यामुळे प्रवाह अडून इंधनाची हानी झाली आणि किरणोत्साराने नऊ खलाशांचा मृत्यू झाला. या तिन्ही प्रसंगांत अडथळ्याचे द्रव्य वेगळे होते, एकदा सेंद्रिय अवशेष, एकदा धातूचा पत्रा आणि एकदा ऑक्साइड. परंतु तिन्ही वेळा प्रवाहात जे असायला नको ते तेथे आले आणि ते आल्याची जाणीव हानी झाल्यानंतर झाली, हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे.

४. अडथळा दिसत का नाही

ही जाणीव उशिरा का होते, हे समजण्यासाठी आदिरूप भट्टीच्या एका इंधनसंचाची रचना जवळून पाहावी लागेल. या भट्टीच्या गाभ्यात असे १८१ संच आहेत. प्रत्येक संच म्हणजे पोलादाची एक षट्कोनी नळी असून तिच्यात ६.६ मिलिमीटर व्यासाच्या २१७ कांड्या उभ्या रचलेल्या असतात. कांड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून प्रत्येक कांडीवर १.६५ मिलिमीटर जाडीची तार, नारपोलीच्या मागावरील कांडीवर सूत चढावे तशी परंतु बरीच विरळ, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटरला एक वेढा या प्रमाणात, गुंडाळलेली असते. ही तार दोन कामे करते : कांड्यांमधील अंतर राखते आणि वर चढणाऱ्या सोडियमला सतत बाजूला ढकलून शेजारच्या प्रवाहांशी मिसळवते. कांड्यांच्या मधल्या त्रिकोणी वाटांना उपमार्ग म्हणतात. २१७ कांड्यांच्या संचात आतील, कडेचे आणि कोपऱ्यांतील मिळून असे ४३८ उपमार्ग होतात. सोडियम खालून ३९७ अंशांना शिरते, सेकंदाला सुमारे ८ मीटर वेगाने वर जाते आणि सरासरी ५४७ अंशांना बाहेर पडते. भट्टीची १२५० मेगावॅट उष्णता या १५० अंशांच्या वाढीत वाहून न्यायची तर दर सेकंदाला साधारण साडेसहा टन सोडियम गाभ्यातून जावे लागते.

आता समजा, संचाच्या मध्यभागी एका कांडीभोवतीचे सहा उपमार्ग तुंबले. ४३८ पैकी सहा म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. संचाचा एकूण प्रवाह तेवढ्याच प्रमाणात घटला असे मानले, आणि प्रत्यक्षात तो त्याहूनही कमी घटतो, तरी बाहेर पडणाऱ्या सोडियमची तापमानवाढ १५० अंशांऐवजी १५२ अंश होईल. संचाच्या मुखाशी बसवलेला तापमापक हा दोन अंशांचा फरक सहजासहजी वेगळा ओळखू शकत नाही. मात्र अडथळ्याच्या लगेच वर, त्याच्या आडोशाला, काय घडते याचा हिशेब निराळा आहे. कांडीच्या एक सेंटिमीटर लांबीच्या वाट्याला जेमतेम एक पंचमांश ग्रॅम सोडियम येते आणि तेवढ्याच लांबीतून, सर्वाधिक भार असलेल्या ठिकाणी, सुमारे ४५० वॅट उष्णता बाहेर पडते. हे सोडियम जागेवर थांबले आणि त्याला शेजारी उष्णता देण्याची सोय नसली तर अर्ध्या सेकंदाच्या आत ते उकळू लागेल. प्रत्यक्षात सोडियम पूर्ण थांबत नाही. अडथळ्यामागे ते गोल फिरत राहते, थोडे बाहेर जाते, थोडे नवे आत येते, आणि धातूच्या उत्तम उष्णतावहनामुळे बरीच उष्णता शेजारच्या उपमार्गांत पसरते. कांडीचे आवरण शाबूत राहील की नाही, हे सर्वस्वी या फिरण्याच्या आणि पसरण्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. बाहेरचा तापमापक सरासरी सांगतो आणि हानी मात्र स्थानिक तापमानाने होते, या दोहोंतील अंतर भरून काढणे हेच संगणकीय प्रतिमानाचे मूळ प्रयोजन आहे.

५. प्रतिमानांच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी उपमार्ग-विश्लेषणाची आहे. तिच्यात प्रत्येक उपमार्गाचे उभ्या दिशेने लहान तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यात वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांचा जमाखर्च जुळवला जातो, आणि शेजारच्या उपमार्गांशी होणारी देवाणघेवाण प्रयोगांवरून ठरवलेल्या गुणांकांनी दर्शवली जाते. अमेरिकेतील ‘कोब्रा’ आणि ब्रिटनमधील ‘सेबर’ ही या परंपरेतील गाजलेली संगणक-प्रणालींची नावे होत. ही पद्धत जलद आहे, परंतु प्रवाह मुख्यतः वरच्या दिशेने जातो हे तिच्या बहुतेक रूपांतील गृहीतक अडथळ्यामागच्या उलट्या प्रवाहाला नीट लागू पडत नाही, आणि त्यासाठी तिच्यात खास फेरफार करावे लागतात.

दुसरी पायरी सच्छिद्र माध्यमाची आहे. येथे संपूर्ण संच किंवा साचलेल्या कणांचा ढीग एखाद्या स्पंजासारख्या सच्छिद्र पदार्थाप्रमाणे मानून, त्याची सच्छिद्रता आणि प्रवाहाला होणारा विरोध एवढ्या दोन-तीन राशींत त्याची सर्व गुंतागुंत सामावली जाते. खरे अडथळे बहुधा भरीव नसतात, त्यांच्यातून थोडे सोडियम झिरपत राहते, म्हणून ही पद्धत वास्तवाला धरून आहे. तिच्याद्वारे केलेल्या अभ्यासांतून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली : अडथळ्याच्या आकाराइतकेच महत्त्व त्याच्या सच्छिद्रतेला असते, आणि त्यात इंधनाचेच कण मिसळलेले असतील तर तो स्वतःच उष्णता निर्माण करू लागतो, त्यामुळे धोका अनेक पटींनी वाढतो.

तिसरी पायरी पूर्ण त्रिमितीय द्रवगतिकीची आहे. कांड्या, तारा आणि अडथळा यांचा नेमका आकार घेऊन मधल्या जागेचे कोट्यवधी सूक्ष्म घटकांत विभाजन केले जाते आणि प्रत्येक घटकासाठी नेव्हिए-स्टोक्स समीकरणे सोडवली जातात. तारेचा कांडीला होणारा स्पर्श रेषेइतका बारीक असल्याने तेथे सुबक जाळी आखणे हेच मोठे कौशल्याचे काम असते. एवढी गणिते करण्यासाठी समांतर संगणक, म्हणजे एकच काम वाटून घेणारे अनेक प्रक्रियक, लागतात, आणि येथेही महाराष्ट्राचा संबंध आहे : अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध केला, आणि त्याच सुमारास तुर्भ्याच्या भाभा केंद्राने ‘अनुपम’ ही समांतर संगणकांची मालिका सुरू केली. कल्पक्कमच्या केंद्रात २१७ कांड्यांच्या तारवेष्टित संचातील प्रवाहाची जी सविस्तर गणिते आज होतात, ती या संगणनसामर्थ्याशिवाय शक्य झाली नसती.

६. सोडियमची अडचण आणि प्रयोगाचा ताळा

तथापि घटकांची संख्या वाढवली म्हणजे उत्तर खरे ठरते, असे मानणे धोक्याचे आहे. संचातील प्रवाह प्रक्षुब्ध असतो, म्हणजे त्यात लहानमोठे असंख्य भोवरे क्षणोक्षणी निर्माण होतात आणि विरतात. या सर्व भोवऱ्यांचे गणित करणे बहुधा परवडत नाही, म्हणून त्यांचा एकत्रित परिणाम काही सोप्या सूत्रांनी दर्शवला जातो. ही सूत्रे मुख्यतः हवा आणि पाणी यांच्या अनुभवावर बेतलेली आहेत. त्यांत संवेग आणि उष्णता सारख्याच रीतीने मिसळतात असे गृहीत असते. सोडियमच्या बाबतीत हे गृहीतक कोसळते. द्रवात संवेग ज्या सहजतेने पसरतो तिची उष्णतेच्या पसरण्याशी तुलना करणारी राशी म्हणजे प्रांट्ल क्रमांक. साध्या तापमानाच्या पाण्यासाठी तो सुमारे ७ असतो, तर भट्टीतील सोडियमसाठी अवघा ०.००५ च्या आसपास. म्हणून पाण्यासाठी विश्वसनीय ठरलेले प्रतिमान सोडियमच्या वेगाबद्दल बरोबर आणि तापमानाबद्दल चूक सांगू शकते, आणि अडथळ्याच्या प्रश्नात नेमके तापमानच हवे असते.

याच कारणामुळे प्रयोगांचीही विभागणी करावी लागली आहे. भट्टीतील सोडियमची प्रवाहीयता आणि ९० अंशांच्या गरम पाण्याची प्रवाहीयता जवळपास सारखी असल्याने अडथळ्यामागचा भोवरा किती लांब आणि किती वेगवान असतो, हे काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीतून पाणी सोडून प्रत्यक्ष पाहता येते. मात्र त्या भोवऱ्यातील तापमान पाण्यावरून कळत नाही, त्यासाठी विजेने तापवलेल्या कांड्या खऱ्या द्रवधातूत ठेवाव्या लागतात. जर्मनीतील कार्लस्रूह आणि अमेरिकेतील ओक रिज येथे सोडियमवर असे प्रयोग झाले, इटलीतील ब्राझिमोने येथे १९ कांड्यांच्या संचात मुद्दाम उपमार्ग बंद करून शिसे-बिस्मथावर मोजमापे घेतली गेली, आणि फ्रान्समधील कादाराशच्या स्काराबे भट्टीत खऱ्या इंधनाच्या संचाचा प्रवाह एकाएकी पूर्ण बंद करून वितळण्याचा क्रम तपासला गेला. ज्या प्रतिमानाने अशा प्रयोगांचा ताळा दिलेला नाही, त्याने रंगवलेली तापमानचित्रे कितीही मोहक असली तरी सुरक्षिततेच्या निर्णयात त्यांना पुरावा म्हणून स्थान देता येत नाही.

७. गणितातून रचनेकडे

या अभ्यासाची खरी कसोटी रचनेत होणाऱ्या बदलांत आहे. फर्मी भट्टीतील प्रसंगानंतर जगभरच्या अभिकल्पकांनी जो पहिला निष्कर्ष काढला तो असा, की संचाला तळाशी एकच उघडे तोंड ठेवू नये. आदिरूप भट्टीत संचाच्या पायाशी सर्व बाजूंनी अनेक छिद्रे ठेवलेली असून एखादा पत्रा येऊन आपटला तरी सर्व छिद्रे एकाच वेळी झाकली जाणार नाहीत, अशी योजना आहे. वरच्या तोंडाशीही वस्तू पडून मार्ग पूर्ण बंद होणार नाही, अशी तरतूद आहे. कांड्यांमधील अंतर राखण्यासाठी आडव्या जाळीऐवजी (ग्रिडऐवजी) गुंडाळलेल्या तारेचा उपयोग केल्याने वाहून आलेले कण एकाच आडव्या पातळीवर साचण्याऐवजी उंचीनुसार विखुरतात, हाही तिचा लाभ आहे. संचांच्या मुखाशी तापमापक आहेत. आणि त्यांच्या नजरेतून निसटणारा स्थानिक अडथळा आवरण फोडण्याइतका वाढला, तर आवरणातून सोडियमात मिसळलेली ब्रोमीन आणि आयोडीनची काही समस्थानिके जे उशिराचे न्यूट्रॉन बाहेर टाकतात, ते टिपून भट्टी बंद करणारी दुसरी यंत्रणा आहे.

शीतक स्वच्छ राखणे हा सर्वांत मुळातला उपाय होय. सोडियममध्ये विरघळलेला ऑक्सिजन तापमान उतरले की ऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो. या गुणाचा उपयोग करून सोडियमचा काही भाग सतत एका थंड सापळ्यातून फिरवतात आणि मळ तेथील तारेच्या जाळ्यांत अडकवतात. शुद्धता मोजण्यासाठी वापरले जाणारे उपकरणही याच तत्त्वावर चालते : बारीक छिद्रांतून वाहणारे सोडियम हळूहळू थंड करत नेतात आणि ज्या तापमानाला ती छिद्रे बुजू लागून प्रवाह घटतो, त्यावरून त्यातील अशुद्धीचे प्रमाण काढतात. जी घटना गाभ्यात घडू द्यायची नाही तीच एका लहान उपकरणात मुद्दाम घडवून आणून वेळेवर सूचना मिळवण्याची ही पद्धत या तंत्रज्ञानातील विवेकाचे उत्तम उदाहरण आहे.

८. समारोप

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. संगणकीय प्रतिमान तापमापकाला न दिसणारी जागा दाखवते, आणि हे त्याचे सामर्थ्य अनन्य आहे. परंतु ते सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. प्रयोगाने तपासलेले, आपल्या अनिश्चिततेची मर्यादा स्वतःच आकड्यांत सांगणारे आणि रचनेत बदल सुचवणारे प्रतिमान हेच विश्वासास पात्र मानावे, आणि असे प्रतिमान कोणत्या प्रयोगांवर तपासले गेले व त्यात किती फरक आढळला, हे जितके खुलेपणाने प्रसिद्ध होईल तितका लोकांचा विश्वास दृढ होईल.

या कामात भाग घेण्यासाठी कल्पक्कमला किंवा तुर्भ्याला नोकरी असलीच पाहिजे असे नाही. ‘ओपनफोम’ ही द्रवगतिकीची संगणक-प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिच्या शिक्षणासाठी पवईच्या आयआयटी मुंबईतील ‘फॉसी’ प्रकल्पाने साहित्य तयार केले आहे. सात कांड्यांच्या छोट्या संचात एक उपमार्ग बंद करून त्यामागचा भोवरा काढणे, आणि तो प्रसिद्ध झालेल्या पाण्याच्या प्रयोगाशी ताडून पाहणे, हे भिवंडी, कल्याण आणि ठाण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले काम आहे. शिक्षकांनी असे प्रकल्प द्यावेत, विद्यार्थ्यांनी उत्तर जुळले नाही तर तेही प्रामाणिकपणे अहवालात लिहावे, आणि हे शास्त्र मराठीतून समजावून सांगणारी एक पिढी या परिसरातून तयार व्हावी, हेच या व्याख्यानाचे नम्र आवाहन आहे.